क्रेडिट युनियनचं खातं काढलं की गाडी स्वस्त मिळते का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नवऱ्याचा नोकरीचा एच-१बी व्हिसा आहे, माझा त्यांच्यावर अवलंबून म्हणून मिळालेला एच-४. दोन वर्षं इकडे काढली, आता दिवाळीच्या आत नवी गाडी घ्यायची आहे. होंडा सीआर-व्ही पाहून ठेवली आहे, स्टिकरवर साधारण ३२,००० डॉलर. मंडळाच्या कार्यक्रमात दोघातिघांनी सांगितलं की आधी क्रेडिट युनियनमध्ये खातं काढा, सभासदांना नव्या गाडीवर सूट असते. डीलरकडे गेलो तर तो म्हणतो, कंपनीचंच १.९ टक्क्याचं कर्ज चालू आहे, क्रेडिट युनियनचं नावही काढू नका. सांगलीला सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, पतसंस्थेत पैसे अडकवू नका. सूट खरंच मिळते का? आधी खातं काढायचं की आधी गाडी ठरवायची? आणि मला सभासद होता येईल का? नवऱ्याचा क्रेडिट स्कोअर ७३० च्या आसपास आहे, माझा अजून तयारच झालेला नाही.

उत्तर: ताई, मंडळात तुम्हाला सांगितलं ते अर्धं खरं आहे. क्रेडिट युनियन म्हणजे सभासदांच्या मालकीची पतसंस्था, ती गाड्या विकत नाही, त्यामुळे गाडीची किंमत कमी करणं तिच्या हातात नाही. तिच्या हातात कर्जाचा व्याजदर आहे. पण ‘क्रेडिट युनियनची सूट’ म्हणून लोक तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. त्या सुट्या करून घेतल्या की डीलरच्या टेबलावर तुमचा गोंधळ होणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच सभासदांना दिलेली सवलत. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोन्ही कंपन्या दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचल्या होत्या. त्याच वर्षी ‘इन्व्हेस्ट इन अमेरिका’ ही योजना देशभर राबवली गेली आणि क्रेडिट युनियनच्या सभासदांना या कंपन्यांच्या नव्या गाड्यांवर खास सवलत मिळू लागली. खातं काढा आणि सूट घ्या, ही चर्चा तेव्हापासून घट्ट बसली. अशा योजना येतात, बदलतात, बंद होतात, आणि ज्या कंपनीची योजना असेल तिच्याच गाड्यांना त्या लागू होतात. दुसऱ्या कंपनीची सवलत होंडाच्या गाडीवर चालणार नाही. अशी योजना तुम्हाला लागू आहे असं कोणी सांगितलं तर तीन प्रश्न विचारा: आज चालू आहे का, कोणत्या मॉडेलवर आहे, आणि सभासदत्व अमुक तारखेच्या आधीचं हवं अशी अट आहे का. पात्रतेचा पुरावा किंवा कोड करारावर सही होण्याआधी डीलरकडे गेला पाहिजे. सही झाल्यावर तो दाखवून काही मिळत नाही.

दुसरी गोष्ट गाडी शोधून देणाऱ्या सेवेची. बऱ्याच क्रेडिट युनियनच्या संकेतस्थळावर ‘कार बायिंग सर्व्हिस’ असते. अनेक ठिकाणी ती मागून ट्रूकारसारखी कंपनी चालवते. तुम्ही मॉडेल निवडता आणि आसपासचे दोन-चार डीलर स्टिकरपेक्षा कमी भाव दाखवतात. हा भाव उपयोगाचा असतो, पण त्याला शेवटचा भाव समजू नका, बोलणी तिथून सुरू करा. डीलरने स्वतःहून बसवलेल्या वस्तू, म्हणजे रंगावरचं संरक्षक आवरण, काचांवर कोरलेला क्रमांक, टायरमधला नायट्रोजन, या त्या भावात धरलेल्या नसू शकतात. एक काळजी घ्या. तिथे फोन नंबर दिला की पाच मिनिटांत फोन वाजायला लागतात, म्हणून त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवा.

तिसरी गोष्ट कर्जाचा दर, आणि ताई, खरे पैसे इथेच वाचतात. हे नीट कळण्यासाठी डीलर कर्ज कसं लावतो ते आधी बघू.

डीलर स्वतः कर्ज देत नाही. तो तुमचा अर्ज बँकांकडे, गाडीच्या कंपनीच्या वित्तसंस्थेकडे आणि कधी कधी क्रेडिट युनियनकडेही पाठवतो. समजा त्यातली एक बँक तुमच्यासाठी ५.५ टक्के दर सांगते. डीलरने तुम्हाला ५.५ सांगावा असं बंधन नसतं. तो ७.५ सांगू शकतो, आणि मधल्या फरकाचा मोठा वाटा त्याची कमाई ठरतो. याला डीलर रिझर्व्ह म्हणतात आणि तो कायदेशीर आहे. ३०,००० डॉलरचं कर्ज ६० महिन्यांसाठी ५.५ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ५७३ डॉलर पडतो, ७.५ टक्क्यांनी ६०१. महिन्याला २८ डॉलर म्हणजे दोघांचं एका वेळचं बाहेरचं जेवण, म्हणून कोणी वाद घालत नाही. पाच वर्षांत मात्र त्याचे १,६८६ डॉलर होतात. क्रेडिट युनियनने आधीच लेखी मंजूर केलेला दर तुमच्या पिशवीत असेल तर हा फरक आकारायला डीलरला जागा उरत नाही.

आता सासऱ्यांच्या काळजीबद्दल. ती रास्त आहे आणि तिचं उत्तर द्यायलाच हवं. रचनेने क्रेडिट युनियन आपल्याकडच्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थेसारखीच असते. सभासद हेच मालक, प्रत्येकाला एक मत, नफा कमी व्याजाच्या आणि जास्त ठेव-दराच्या रूपाने सभासदांकडेच परत जातो. फरक आहे तो विम्याचा. महाराष्ट्रातल्या सहकारी पतसंस्थांच्या ठेवींना रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. ते बँकांना, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही. अमेरिकेत फेडरल क्रेडिट युनियन १९३४ च्या कायद्याने चालतात आणि त्यांच्या ठेवींना एनसीयूए या सरकारी यंत्रणेचा प्रत्येक सभासदामागे २,५०,००० डॉलरपर्यंतचा विमा असतो. राज्याची सनद असलेल्या बहुतेक युनियनही या विम्याखाली येतात, पण काही राज्यांत खासगी विम्यावर चालणाऱ्या थोड्या आहेत. म्हणून दारावर किंवा संकेतस्थळाच्या तळाशी एनसीयूएचं चिन्ह आहे ना, ते पाहूनच खातं काढा. शिवाय तुम्हाला तिथे मोठी रक्कम ठेवायचीच नाही. सभासदत्वासाठी बहुधा ५ ते २५ डॉलरचा एक ‘शेअर’ घ्यावा लागतो. तो तुमच्याच नावाने राहतो आणि खातं बंद केलं की परत मिळतो. सासऱ्यांना हे आकडे सांगा, ते निश्चिंत होतील.

सभासद कसं व्हायचं? बँकेत कोणीही जाऊन खातं काढू शकतो, क्रेडिट युनियनमध्ये तसं नसतं. प्रत्येकीची सभासदांची ठरलेली कक्षा असते आणि त्या कक्षेत तुम्ही बसायला हवं. वाटा चार. पहिली नोकरीची: नवऱ्याच्या कंपनीचं नाव एखाद्या युनियनच्या यादीत आहे का, हे कंपनीच्या एचआरला विचारा. मोठ्या कंपन्यांची नावं असतातच, पण कंत्राटावर काम असेल तर पगार देणारी कंपनी वेगळी असते आणि यादीत तिचं नाव लागतं, जिथे बसून काम करतो त्या ग्राहक कंपनीचं नाही. आपल्या आयटीवाल्यांची इथेच गफलत होते. दुसरी राहण्याची: काही युनियन एखाद्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या सगळ्यांना घेतात. तुम्ही मिडलसेक्स काउंटीत येता, एनसीयूएच्या संकेतस्थळावरच्या शोधकात तुमचा झिप कोड टाकून बघा. तिसरी संस्थेची: काही युनियन एखाद्या सामाजिक संस्थेला थोडी वर्गणी देणाऱ्यांना सभासद करून घेतात, आणि पेन्टॅगॉन फेडरलसारख्या काही मोठ्या युनियननी तर दार जवळपास सगळ्यांना उघडलं आहे. याउलट नेव्ही फेडरल सैन्यदलाशी संबंधित लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठीच आहे, तिथे वेळ घालवू नका. चौथी वाट नात्याची: सभासदाच्या जवळच्या नातेवाइकाला किंवा एकाच घरात राहणाऱ्याला सभासद होता येतं.

या चौथ्या वाटेने तुमचाही प्रश्न सुटतो. आधी नवऱ्याने सभासद व्हावं, मग तुम्ही त्यांच्या कुटुंबातल्या म्हणून. तुमच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर काही युनियन आयटीआयएनवर, म्हणजे करभरण्यासाठीच्या क्रमांकावर, खातं काढून देतात, काही देत नाहीत. अर्ज भरण्याआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा: एच-१बी आणि एच-४ धारकांना सभासद करता का, आणि गाडीचं कर्ज देताना व्हिसाच्या मुदतीची अट आहे का. दुसरा प्रश्न विसरू नका. कित्येक ठिकाणी कर्जाची मुदत आय-७९७ (व्हिसामंजुरीचं पत्र) किंवा आय-९४ (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) वरच्या तारखेपलीकडे देत नाहीत. नवऱ्याच्या व्हिसाची मुदत संपायला २० महिने उरले असतील तर तुम्ही धरलेला ६० महिन्यांचा हप्ता कागदावरच राहील. एका युनियनने असं सांगितलं म्हणून थांबू नका, दुसरीला विचारा. नियम सगळीकडे सारखा नाही. आणि एच-४ वर कामाचा परवाना नसेल तर कर्जाच्या अर्जात तुमचं उत्पन्न धरलं जाणार नाही, कर्ज नवऱ्याच्या पगारावरच मिळेल. तरीही तुमचं खातं आत्ताच काढून ठेवा. ठेव तारण ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड बऱ्याच युनियन देतात, त्यातून तुमचा स्वतःचा क्रेडिट इतिहास सुरू होईल.

आधी खातं की आधी गाडी? आधी खातं, मग कर्जाची पूर्वमंजुरी, मग किंमत. हा क्रम उलटा झाला की बोलण्याची ताकद जाते. खातं उघडायला ऑनलाइन अर्धा तास पुरतो, पण ओळख पटवण्यात, पत्त्याचा पुरावा तपासण्यात आठवडा सहज जातो. त्यातही अडवणारी एक बारीक गोष्ट आहे. इक्विफॅक्स, एक्सपीरियन, ट्रान्सयुनियन या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे कोणी कधी ‘फ्रीझ’, म्हणजे आपली नोंद कोणाला दाखवू नये असं कुलूप, लावून ठेवलेलं असतं आणि विसरलेलं असतं. फ्रीझ असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. अर्ज करण्याआधी ते उठवा. त्याला पैसे पडत नाहीत.

पूर्वमंजुरीसाठी एवढं हाताशी ठेवा: शेवटच्या दोन पगारपत्रिका, गेल्या वर्षीचा डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेलं वर्षाच्या पगाराचं आणि कराचं पत्रक), न्यू जर्सीचं लायसन्स, आय-७९७, आय-९४ आणि घराचा भाडेकरार किंवा विजेचं बिल. मंजुरी मिळाली की तिच्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: कमाल रक्कम, दर आणि किती दिवस वैध. वैधता बहुधा ३० ते ६० दिवसांची. दराजवळ तारांकित टीप असेल तर ती वाचा. दर महिन्याला हप्ता आपोआप खात्यातून जाईल असं लावलं तर पाव टक्का कमी, असं बरेच जण देतात, आणि जाहिरातीतला दर पुष्कळदा ती सूट धरूनच लिहिलेला असतो. दोन-तीन युनियनकडे अर्ज करायला घाबरू नका. गाडीच्या कर्जासाठी थोड्या दिवसांत झालेल्या चौकशा स्कोअर मोजताना एकच धरल्या जातात. मोजणीच्या जुन्या पद्धतींत ही मुदत १४ दिवस आहे, नव्यांत ४५. म्हणून सगळे अर्ज १४ दिवसांत उरका.

आता डीलरच्या १.९ टक्क्यांकडे येऊ. तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. कंपनी जेव्हा असा दर जाहीर करते तेव्हा पुष्कळदा दुसरा पर्यायही असतो: हा दर न घेता रोख सवलत घ्या. दोन्ही एकत्र सहसा मिळत नाहीत. म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, कंपनीचं १.९ टक्क्याचं कर्ज आणि गाडीची पूर्ण किंमत. दोन, रोख सवलत आणि क्रेडिट युनियनचं कर्ज. डोळ्यांना १.९ लहान दिसतो म्हणून पहिली वाट स्वस्त वाटते. ती खरोखर स्वस्त आहे का, हे रोख सवलत किती आहे त्यावर ठरतं.

समजा सगळी रक्कम कर्जाने घ्यायची आहे आणि मुदत ६० महिने. ३२,००० डॉलर १.९ टक्क्यांनी: हप्ता ५५९ डॉलर ४९ सेंट, एकूण फेड ३३,५६९. आता २,००० ची रोख सवलत घेऊन ३०,००० डॉलर युनियनकडून ५.५ टक्क्यांनी: हप्ता ५७३ डॉलर ३ सेंट, एकूण ३४,३८२. इथे कंपनीचं कर्ज ८१३ डॉलरने स्वस्त आहे, डीलर बरोबर ठरतो. पण सवलत ३,००० असेल तर कर्ज २९,००० चं, हप्ता ५५३ डॉलर ९३ सेंट, एकूण ३३,२३६. आता युनियन ३३३ डॉलरने स्वस्त पडते. या आकड्यांत पारडं साधारण २,७०० डॉलरच्या सवलतीपाशी फिरतं. तुमचा दर किंवा मुदत बदलली की हा आकडाही बदलेल, म्हणून डीलरला सरळ विचारा: “१.९ टक्के घेतलं नाही तर रोख किती सोडता?” उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर आनंदाने कंपनीचं कर्ज घ्या. युनियनचं खातं काढलं म्हणून कर्जही तिचंच घ्यायला हवं असं नाही. एवढं मात्र तपासा की १.९ चा दर तुमच्या स्कोअरला आणि ६० महिन्यांनाच लागू आहे. असे दर कित्येकदा वरच्या पत-श्रेणीसाठी आणि ३६ किंवा ४८ महिन्यांसाठी असतात. ७३० चा स्कोअर चांगला आहे, पण फक्त दोन वर्षांचा इतिहास पाहून वित्तसंस्था वेगळा दर लावू शकते.

किमतीची बोलणी ईमेलवर करा. चार डीलरना एकाच मॉडेलचा, एकाच रंगाचा, एकाच ट्रिमचा, म्हणजे उपप्रकाराचा, भाव विचारा आणि ‘सगळं धरून गाडी ताब्यात येईपर्यंतची किंमत’ लेखी मागा. त्यात गाडीचा भाव, कारखान्यापासूनचा वाहतूक आकार, डीलरचा कागदपत्र आकार, नोंदणी आणि विक्रीकर वेगवेगळ्या ओळींत दिसले पाहिजेत. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे आणि नव्या गाडीची नोंदणी एकदम चार वर्षांची भरावी लागते, त्यामुळे ती ओळ मोठी दिसली तर दचकू नका. कागदपत्र आकारावर मात्र लक्ष ठेवा. काही राज्यांत त्याला कायद्याने कमाल मर्यादा आहे, न्यू जर्सीत नाही, आणि डीलरा-डीलरांत तो काहीशे डॉलरने वेगळा असतो. तो कमी करत नाहीत असं सांगतील. मग तेवढे पैसे गाडीच्या भावातून कमी करायला सांगा.

डीलरकडे विक्रेता एक कागद पुढे सरकवतो, त्यावर पेनाने दोन रेघा मारून चार चौकटी केलेल्या असतात: गाडीचा भाव, जुन्या गाडीचे पैसे, डाउन पेमेंट, महिन्याचा हप्ता. तुमची नजर शेवटच्या चौकटीवर खिळावी म्हणून तो “महिन्याला किती परवडेल?” असं पहिल्यांदा विचारतो. तुम्ही ५५० म्हणालात की ५५० चा हप्ता तो बसवून दाखवतो, मुदत ६० ऐवजी ७२ किंवा ८४ महिन्यांची करून, किंवा मध्येच हमी योजना घालून. उत्तर एकच द्या: “आधी ताब्यात येईपर्यंतची एकूण किंमत ठरवू, पैशांचं मग बोलू.” युनियनची मंजुरी खिशात आहे हे किंमत ठरेपर्यंत सांगायची गरज नाही. खोटंही बोलू नका. कोणी विचारलं तर “दोन्ही पर्याय बघतोय” एवढं पुरतं. किंमत लेखी ठरली की मग मंजुरी दाखवा आणि म्हणा, यापेक्षा कमी दर देता का? दिला तर तुमचा फायदाच.

शनिवारी संध्याकाळी गाडी घ्यायला जाऊ नका. न्यू जर्सीत रविवारी मोटारविक्रीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे शनिवारी शोरूममध्ये जत्रा असते आणि नेमकी तेव्हाच बऱ्याच क्रेडिट युनियनची कर्जशाखा बंद असते. युनियनचा धनादेश किंवा मंजुरीपत्र खरं आहे का हे डीलरला फोनवर तपासायचं असतं. फोन कोणी उचलला नाही की तो म्हणतो, “आत्ता आमच्या कर्जावर सही करा, सोमवारी बदलून देऊ.” त्या सहीने तुम्ही डीलरच्या कर्जात अडकता. शोरूममध्ये जाऊन सही केलेली गाडी तीन दिवसांत परत करता येते हा समज चुकीचा आहे. असा सरसकट हक्क नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी जा. युनियनला आदल्या दिवशी सांगून ठेवा की अमुक डीलरचा फोन येईल, आणि डीलरकडून खरेदीपत्राची प्रत युनियनला ईमेलने पाठवायला लावा. त्यावर गाडीचा १७ अंकी क्रमांक आणि अंतिम रक्कम दोन्ही असायला हवेत. अंतिम रक्कम मंजुरीपेक्षा २०० डॉलरने जरी जास्त झाली तरी धनादेश चालत नाही. फरक डेबिट कार्डाने भरायची तयारी ठेवा.

टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या दाखल्यावर, आणि विम्याच्या कागदावर कर्जदात्याचं नाव कसं लिहायचं हे युनियनकडून लेखी घ्या. टायटलवर तिचा बोजा चढतो, आपल्याकडे आरसी बुकावर चढतो तसा. एखादा शब्द गाळला गेला की कागद परत येतात. विमा सर्वंकष आणि टक्कर अशा दोन्ही प्रकारचा लागतो, आणि स्वतः सोसायची रक्कम किती ठेवता येईल यावर युनियनची मर्यादा असते, बहुधा १,००० डॉलर. विमा स्वस्त पडावा म्हणून २,००० ठेवलीत तर युनियन स्वतःहून महागडा विमा लावून त्याचे पैसे तुमच्या कर्जात चढवू शकते. टायटलवर दोघांची नावं हवी असतील तर कागदांवर तुमचीही सही लागेल, त्या दिवशी सोबत जा.

अपघातात गाडी पूर्ण गेली आणि विम्याचे पैसे कर्जापेक्षा कमी आले तर फरक भरणारं ‘गॅप’ संरक्षण डीलर कर्जाच्या कागदांसोबतच पुढे करतो. डाउन पेमेंट कमी असेल तर ते घेण्यासारखं आहे, पण आधी युनियनचा भाव विचारा. तिथे ते साधारणपणे बरंच स्वस्त असतं. किमतीच्या २० टक्के रोख भरणार असाल तर त्याची गरज क्वचितच पडते.

गाडी कुठे जोडली गेली हेही पाहा. २०२५ पासून २०२८ पर्यंत, अमेरिकेत अंतिम जोडणी झालेल्या नव्या, खासगी वापराच्या गाडीच्या कर्जाचं व्याज उत्पन्नातून वजा करता येतं, वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत. संयुक्त विवरणपत्रात उत्पन्न २,००,००० डॉलरच्या वर गेलं की वजावट कमी होत जाते. लीजवर, म्हणजे भाडेकराराने, घेतलेल्या गाडीला ती नाही. सीआर-व्ही ओहायो आणि इंडियानातही बनते आणि कॅनडातही. समोरच्या काचेखालचा क्रमांक वाचा: सुरुवात ५ किंवा ७ ने असेल तर गाडी अमेरिकेतली, २ ने असेल तर कॅनडातली. खात्रीसाठी दाराच्या चौकटीवरचं आणि खिडकीवरचं लेबल बघा, तिथे जोडणीचं ठिकाण छापलेलं असतं. ३०,००० डॉलरच्या ५.५ टक्के कर्जावर पहिल्या वर्षीचं व्याज साधारण १,५०० डॉलर होतं. २२ टक्क्यांच्या करटप्प्यात असाल तर ३३० डॉलर वाचतात. शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या गाड्यांतून निवडायची वेळ आली तर एवढ्यासाठी पहिला अंक बघायला काहीच हरकत नाही.

शेवटी कर्जाच्या करारातलं एक कलम. क्रेडिट युनियनचे करार माणसं विश्वासाने न वाचता सही करतात, पण त्यांत पुष्कळदा असं लिहिलेलं असतं की गाडी फक्त गाडीच्या कर्जाला तारण नाही, त्याच युनियनकडच्या तुमच्या इतर कर्जांनाही आहे. म्हणजे उद्या गाडीचे सगळे हप्ते फिटले, पण त्याच युनियनचं क्रेडिट कार्ड थकलं, तर ती टायटल सोडायला नकार देऊ शकते. शिवाय थकलेला हप्ता तुमच्या तिथल्या बचत खात्यातून परस्पर वळता करून घेण्याचा हक्कही करारात असतो. उपाय सोपा आहे. गाडीचं कर्ज ज्या युनियनकडे असेल तिथे पगार जमा करू नका आणि तिचं क्रेडिट कार्ड घेऊ नका. तुमचं तारणावरचं कार्ड दुसऱ्या युनियनकडून काढा. हे कलम करारात आहे का, हे सहीच्या आधी कर्ज अधिकाऱ्याला विचारा आणि कुठल्या पानावर आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे: फेडरल क्रेडिट युनियनला मुदतीआधी कर्ज फेडल्याचा दंड लावता येत नाही. बोनस मिळाला, किंवा भारतात परतायचं ठरलं आणि गाडी विकायची झाली, तर उरलेली रक्कम एकदम भरा, बोजा उतरल्याचं पत्र मागून घ्या आणि ते टायटलसोबत जपून ठेवा. गाडी विकताना घेणारा पहिल्यांदा तेच मागेल.